बुधवारचं बदलापूर

"कुणाकडं आलाय वो बाई?"

आमच्याच बिल्डिंगखालच्या बाकावर बसलेल्या एका आजींनी मला हे विचारलं. बुधवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. स्वयंपाकघरातला नळ बरेच दिवस गळत होता आणि प्लंबर रविवारी यायला तयार नव्हता, म्हणून मी रजा टाकली होती. तो येईपर्यंत कोपऱ्यावरून दूध घेऊन येत होते. "इथेच राहते आजी, तिसऱ्या मजल्यावर," मी म्हटलं. त्यांनी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून मला नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "कधी दिसला न्हाईत." टोमणा नव्हता त्यात. पाटण तालुक्यातून मुलाकडे राहायला आलेल्या, इथे येऊन वर्षही न झालेल्या त्या बाईंनी बिल्डिंगमधली सगळी माणसं एव्हाना ओळखीची करून घेतली होती, आणि त्यांत मी नव्हते. प्लंबर आला, वॉशर बदलून गेला, दूध तापलं, पण ते 'कधी दिसला न्हाईत' काही मनातून जाईना. २००३ सालापासून मी या घरात राहते आहे. दारावर पाटी आमची आहे, कर्ज आम्हीच फेडलंय. आणि तरीही त्या म्हणाल्या ते खरंच होतं. उजेडात मी इथे नसतेच.

उरलेला दिवस मी बराचसा गॅलरीतच काढला. पाणी आल्याचं मला आवाजावरून कळलं, कारण एकाएकी सगळ्या मजल्यांवरून बादल्या सरकवल्याचे आवाज यायला लागले. टाकी भरण्यासाठी कुणीतरी मोटर लावतं एवढंच मला ठाऊक. कोण लावतं, कधी लावतं, हे इतक्या वर्षांत विचारायची वेळच आली नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी लावतात. शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते म्हणून त्या दिवशी पहाटे उठून टाकी भरून घेतात, हेही मला त्या बुधवारी समजलं. बाराच्या सुमाराला शाळेच्या रिक्षा आल्या, आज्यांनी नातवंडं उतरवून घेतली, दप्तरं आपल्या खांद्यावर घेतली. मग भंगारवाला, मग सिलिंडरची गाडी, मग कुरियरवाला. त्याने वर यायची तसदीही घेतली नाही. चार घरांची पार्सलं बाकावरच्या त्या आजींच्या स्वाधीन केली आणि निघून गेला. आजींनी ती आपल्या पायांशी ओळीने लावून ठेवली. दुपारी दोन ते चार रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. समोर चंदेरीचा सुळका इतका स्वच्छ दिसत होता की मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. रविवारीही तो दिसतो, पण रविवारी आम्ही सगळे घरात असतो, आठवड्याची भाजी, कपड्यांच्या राशी, दळण, कुणाकडे तरी बारसं, आणि गॅलरीत कुणी उभं राहिलं तरी ते दोरीवरचे कपडे काढायला.

उजेडातलं हे गाव म्हातारी माणसं, लहान मुलं आणि घरी असणाऱ्या बाया चालवतात. आम्ही त्याचे हप्ते भरतो.

आम्ही इथे आलो ते लालबागच्या चाळीतून. सासरे गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा माझा नवरा शाळेत होता. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही, त्यामुळे घरात 'संप संपल्यावर' म्हणून ठरवलेल्या गोष्टीही तशाच राहिल्या. दहा बाय बाराच्या खोलीत सासू-सासरे, दोन भाऊ, मग थोरल्याचं लग्न, मग आमचं. रात्री कोण पोटमाळ्यावर, कोण गॅलरीत, हे रोज ठरवावं लागे. कुणीतरी बाहेर पडायला हवं होतं, आणि धाकटे म्हणून आम्हीच पडलो. डोंबिवली बघितली, ती आवाक्याबाहेर गेली होती. आमच्या आधीच्या पिढीत गिरगाव-दादरकडची माणसं डोंबिवलीला गेली, तिथले भाव चढल्यावर पुढची अंबरनाथला, मग बदलापूरला, आणि आता आमच्या ऑफिसातली नवी मुलं वांगणी, शेलू, नेरळला घर बघतात. प्रत्येक पिढीला रुळावरून आणखी थोडं पुढे सरकावं लागतं. २००१च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती, २०११ला ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. त्या वाढीत आमचीही चार माणसं धरलेली आहेत, कारण सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडेच येऊन राहिल्या होत्या.

घर बघायला आलो तो जुलैतला रविवार होता. दलालाने स्टेशनपासून चालत पाच मिनिटं सांगितलं होतं, ते अंतर त्याच्या मोटरसायकलचं असावं. पण पाऊस नुकताच उघडला होता, दोन्ही बाजूंना लावणी झालेली खाचरं होती, हवेला मातीचा आणि ओल्या गवताचा वास होता, आणि दोन खोल्या, स्वयंपाकघर, आत संडास-बाथरूम असलेलं घर आमचं होऊ शकत होतं. चाळीत सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहण्यात माझी पहिली दोन-तीन वर्षं गेली होती. आतून कडी लावता येईल असं न्हाणीघर बघून मी नवऱ्याला तिथेच म्हटलं, हेच घ्यायचं. आजही कुणी मला विचारलं की एवढ्या लांब का गेलात, तर मी त्या कडीबद्दल सांगते. ज्यांना ती जन्मापासून मिळाली त्यांना ते पटकन कळत नाही.

त्या खाचरांवर आता इमारती आहेत. आमचीही एका खाचरावरच उभी आहे, पहिले काही पावसाळे जिन्यात बेडूक यायचे, आणि पायऱ्यांवरून त्यांना हाकलताना सासूबाई म्हणायच्या, "त्यांचंच घर आहे, आपण घुसलोय." कल्याणहून खोपोलीपर्यंत रूळ १८५६ सालीच पडले, पण गाव त्याच्याही आधीचं. आगरी माणसांची घरं, उल्हास नदी, नदीकाठचं भात, डोंगराच्या पायथ्याशी ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. आम्ही मुंबईवाले इथे आलो तेव्हा 'इथे काहीच नाही' असं म्हणायचो. म्हणजे सिनेमा थिएटर नाही, मोठा दवाखाना नाही, रात्री उशिरा रिक्षा नाही. स्टेशनबाहेर पुलाखाली बसणाऱ्या बायकांच्या पाट्यांत काय काय असतं ते मात्र कळायला वेळ लागला. मे महिन्यात पळसाच्या पानाच्या द्रोणातली करवंदं. पहिल्या पावसानंतर शेवळं, मग कुर्डू, टाकळा, कोरळ, भारंगी. शेवळं कशी करायची हे मला एका ठाकर बाईने शिकवलं, गर्दीत, चालता चालता, सुटे पैसे मोजताना: काकडं, म्हणजे ती आंबट रानफळं, घातल्याशिवाय करायची नाहीत, घसा खाजतो. काकडंही तिनेच दिली, वाटाभर, त्याचे पैसे घेतले नाहीत. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं ही बातमी वाचून मला बरं वाटलं खरं, पण आमच्या रस्त्यावरची जांभळाची दोन मोठी झाडं तोवर रस्तारुंदीत गेलेली होती. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्याखाली फूटपाथ जांभळा व्हायचा आणि आम्ही चपला जपत चालायचो. हे लिहिताना मला जड जातं, कारण झाडं तोडणाऱ्यांवर रागावायचं तर आपण ज्या घरात बसून रागावतोय त्याखाली काय होतं तेही मोजावं लागतं.

आता गाडीबद्दल. बदलापूरबद्दल लिहायचं आणि गाडीबद्दल लिहायचं नाही असं होऊच शकत नाही, कारण आमचा जागेपणीचा मोठा भाग तिथेच जातो. घराच्या दारापासून फोर्टातल्या ऑफिसच्या टेबलापर्यंत दोन तास धरले तर येऊन-जाऊन चार होतात. गाडी बदलापूरहून सुटणारी असेल तर बसायला मिळतं. कर्जत-खोपोलीहून येणारी आधीच भरलेली असते. अंबरनाथच्या बायका जागेसाठी उलट इथपर्यंत डाऊन करून येतात, खिडकीत बसतात, आणि मग इथल्या बायका फलाटावरूनच आवाज चढवतात. संध्याकाळी तेच भांडण उलट्या दिशेने. बदलापूर फास्टमध्ये कुणी डोंबिवलीला उतरणारी चढली की दारातून ओरडा सुरू: "तुम्हाला डोंबिवली गाड्या आहेत ना, त्या पकडा!" ती बाईही दिवसभर उभी राहून थकलेली असते, तिलाही घरी मूल असतं. पण आमच्या गाड्या मोजक्या, एक सुटली की पुढचीपर्यंत तिष्ठत राहायचं. वर्षानुवर्षं रोज चेंगरून आल्यावर माणसाच्या मनातली जागाही आक्रसते, हे मी माझ्या अत्यंत प्रेमळ मैत्रिणींच्या चेहऱ्यांवर पाहिलंय. ठाण्याला लोंढा आत शिरतो तेव्हा त्या ओळखू येत नाहीत.

आणि याच मैत्रिणी मेथीच्या जुड्या आपसांत वाटून घेऊन कुर्ला ते कल्याण निवडून देतात. बसलेली मध्ये, उभी असलेली वरून देठं पिशवीत टाकते. नवरात्रात नऊ रंग, संक्रांतीला डब्यात हळदीकुंकू, दसऱ्याला दारावर झेंडूची तोरणं. आमच्यातल्या एकीचं डोहाळजेवण आम्ही गाडीतच केलं होतं, फुलांचे दागिने पिशवीतून आणून. गाडी विक्रोळीच्या पुढे होती आणि तिला ओवाळायला हात वर करायचीसुद्धा जागा नव्हती, म्हणून ताम्हन डोक्यांवरून पास करत तिच्यापर्यंत नेलं. चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकून बसलेल्या एका अनोळखी बाईने तेव्हा न सांगता उठून तिला हातपाय पसरायला जागा दिली आणि ठाण्यापर्यंत उभी राहिली. कानातली विकणारी पोरगी आली, तिने नव्या आईसाठी म्हणून एक जोड फुकट काढून दिला.

आमच्या फास्ट गाड्या पूर्वी पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. १९१६ सालचा तो बोगदा, सव्वा किलोमीटरहून जास्त लांब. सकाळी आत शिरलं की बोलणं थांबायचं, आवाजच इतका व्हायचा, आणि बाहेर पडलं की ठाण्याची तयारी. २०२२मध्ये ठाणे-दिव्यामधली पाचवी-सहावी मार्गिका झाली आणि फास्ट लोकल मुंब्र्यावरून जायला लागल्या. खाडी दिसते, डोंगर दिसतो, उजेड असतो. त्याच वाटेवर मुंब्र्याच्या वळणावर ९ जून २०२५ला सकाळी दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्यातली काही गेली. त्या दिवशी आमच्या डब्यात नेहमीपेक्षा जास्त फोन वाजत होते. घराघरांतून तेच विचारत होते: कुठे आहेस, आत आहेस ना? दुसऱ्या दिवशी गाडी तेवढीच भरलेली होती. दारात मुलं तशीच उभी होती. त्यांना शिव्या देणं मला जमत नाही. आत जागा असती तर कुणी हौसेने बाहेर राहिलं नसतं, आणि उशिराचा शेरा पडला की पगार कुणाचा कापला जातो ते मला माहीत आहे.

पण गाडीचं दुःख सगळ्यांना दिसतं. त्यावर बातम्या होतात, फोटो येतात. त्या बुधवारी गॅलरीत बसून मला जे दिसलं ते याच्या मागच्या बाजूचं होतं. घर स्वस्त मिळालं की उरलेली किंमत वेळ देऊन भरावी लागते, हे आम्ही सगळेच म्हणतो. ती आपणच देतो असंही समजतो. खरं तर ती आमच्या वतीने आणखी पुष्कळ जण देत असतात, आणि त्यांचा पास कुणी काढलेला नसतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दारामागे एक लाकडी फळी आहे. तिच्यावर खिळे मारलेत आणि प्रत्येक खिळ्याला कुणाच्या ना कुणाच्या घराची किल्ली. आमच्या किल्लीला लाल गोंड्याची दोरी, समोरच्यांच्या किल्लीला निळी रिबन, एकाला जुन्या घड्याळाचा पट्टा. नावं लिहिलेली नाहीत, कारण चोराच्या हाती लागली तर कळायला नको, असं काकू म्हणतात; त्यांना सगळ्या पाठ आहेत. फळीच्या खाली स्टुलावर एक वही. तिच्यात त्यांच्या गोल, सावकाश अक्षरात सगळं लिहिलेलं असतं: दूधवाल्याला सुटे दिले, सिलिंडर घेतला, रिकामा दिला, शाळेतून फोन आला, पोरीला ताप, क्रोसिन अर्धी, चार वाजता. ती पोरगी माझी. क्रोसिनची ती ओळ मी रात्री नऊ वाजता वाचली होती, तोवर ताप उतरून ती झोपलेली होती. काकूंना त्या दिवशी स्वतःच्या बहिणीकडे कल्याणला जायचं होतं. त्या गेल्या नाहीत, हे मला पुष्कळ दिवसांनी त्यांच्या बहिणीकडूनच कळलं. काकूंनी ते कधी बोलून दाखवलं नाही आणि मी त्याचं काय करायचं तेही मला कळलं नाही. दिवाळीला साडी दिली. साडीने काय होतं?

२६ जुलै २००५ला मुलगी तीन वर्षांची होती. मी ऑफिसात अडकले, नवरा घाटकोपरला. फोन लागत नव्हते. उल्हास नदी पश्चिमेकडच्या वस्तीत शिरली अशा अफवा ऑफिसात येत होत्या, आणि त्या अफवा नव्हत्या. आमचं पाळणाघर तळमजल्यावर. रात्रभर टेबलावर डोकं ठेवून मी मनात फक्त पाण्याची पातळी मोजत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चालत लालबागच्या चाळीत गेले, तिसऱ्या दिवशी मिळेल त्या गाडीने आणि शेवटी टेम्पोत उभी राहून घरी पोचले. मुलगी काकूंच्या पलंगावर भिंतीला पाय लावून पडली होती. पाणी चढायला लागलं तेव्हा काकू गुडघाभर पाण्यातून गेल्या होत्या आणि पाळणाघरातली चारही मुलं आपल्या घरी घेऊन आल्या होत्या. पाळणाघरवाल्या मावशीही त्यांच्यासोबत वरच राहिल्या. त्या आगरी, आमच्या रस्त्यामागच्या गावातल्याच. स्वतःच्या घरात पाणी शिरलेलं असताना त्यांनी चार घरांची मुलं सांभाळली. मुलगी मला बघून रडली नाही. म्हणाली, "मना भूक लागली." मावशींची बोली तिच्या तोंडी बसायला लागली होती. मी हसले आणि मग मलाच रडू आलं.

२०१९च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, हजारावर प्रवासी होते आत. देशभर दाखवलेली ती दृश्यं आठवत असतील: चहूकडे तपकिरी पाणी आणि मध्ये गाडी. होड्या आल्या, हेलिकॉप्टर आली, सगळे सुखरूप बाहेर आले. आसपासच्या गावांतली माणसंही मदतीला धावली होती. टीव्हीवर ते बघताना मुलगी, तेव्हा सतरा वर्षांची, मला म्हणाली, "आई, त्यांच्याकडे नेहमी असंच. कुणी अडकलं की हे आधी पोचतात." ती 'त्यांच्याकडे' म्हणाली ते मला ऐकू आलं, आणि पाठोपाठ तिनेच दुरुस्त केलं: "आपल्याकडे."

मला कुणी मूळ कुठल्या असं विचारलं तर मी अजूनही पटकन लालबाग म्हणते. गणपतीत पाय आपोआप तिकडे वळतात. मुलीला विचारलं तर ती बदलापूर सांगते, आणि सांगताना आवाज खाली आणत नाही. आमच्या वेळी आणावा लागायचा. ऑफिसात 'बदलापूर' म्हटलं की पलीकडून 'बाप रे' यायचं, गाडी लेट झाली तर आधी आमच्याकडे बघायचे, आणि रात्रीच्या पार्टीला आम्हाला बोलवायचंच नाही असं न सांगता ठरलेलं असायचं. मुलगी आता नोकरीला लागली आहे. आठवड्यातले काही दिवस तिला घरून काम करता येतं. त्या दिवशी दुपारी ती काकूंकडे जेवायला जाते, की त्यांना ताट खाली नेऊन देते, मला नक्की माहीत नसतं. काकूंचे गुडघे आता चालत नाहीत. औषधांची वेळ मुलीच्या फोनमध्ये लावलेली आहे. फळीवरच्या किल्ल्या काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे हलवायचं ठरलं होतं, काकूंनी ऐकलं नाही. "मी आहे तोवर असू दे," म्हणाल्या. मात्र वहीत हल्ली दोन अक्षरं दिसतात, काकूंचं गोल आणि माझ्या मुलीचं घाईचं.

बाकावरच्या आजींशी माझं आता बोलणं असतं, पण शनिवार-रविवारचंच. त्यांना इथलं पाणी मानवत नाही, मुलगा रात्री दहाला येतो आणि सून साडेआठला, दिवसभर बोलायला माणूस नाही म्हणून खाली बसते, असं त्या सांगतात. थंडीत त्यांना बरं वाटतं, कारण इथे गार पडतं. बदलापूरला पहाटे स्वेटर घालून निघालेली माणसं घाटकोपर येईपर्यंत तो काढून हातावर टाकतात, हे मी त्यांना सांगितलं तर त्यांना फार मजा वाटली. मुलगा स्वेटर का घेऊन जातो आणि रोज हातात का घेऊन येतो हे कोडं त्यांना पडलेलं होतं. त्यांच्या मुलाला मी ओळखते. रोज सकाळी तो आणि मी एकाच फलाटावर असतो, मान हलवतो, आणि तो जनरलच्या डब्याकडे पळतो. त्याची आई दिवसभर कशी असते हे मी त्याला सांगायला हवं असं मला वाटतं. गाडी येते, ते राहून जातं. पुढच्या रविवारी त्याच्या घरी जाऊन सांगणार आहे, आणि काकूंनाही बरोबर नेणार आहे, कारण खालच्या मजल्यावर उतरायला त्यांनाही कारण हवंच आहे.

परवा शेजारच्या विंगमध्ये फ्लॅट बघायला एक जोडपं आलं होतं. नवीन लग्न झालेलं, तिचं ऑफिस दादरला, त्याचं ठाण्याला. रविवारीच आलेले, आम्ही आलो तसे. मी जिन्यात भेटले तर तिने विचारलं, "काकी, इथे राहणं कसं आहे?" दलाल शेजारी उभा होता. मी त्यांना आत बोलावलं, चहा टाकला. म्हटलं, घर चांगलं आहे, हवा चांगली आहे, पाणी येतं. पण निर्णय घ्यायच्या आधी एखाद्या मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला दादरला बदलापूर फास्टसाठी उभी राहा, तीन वेळा प्रयत्न करून चढता येतं का बघ, आणि मग कल्याणपुढे खिडकीतून अंधार बघत ये. मूल होईल तेव्हा कोण बघणार त्याचं आत्ताच बोलून ठेवा, एकमेकांशी, आणि जो बघणार असेल त्याच्याशीही. आणि ज्यांच्यावर विसंबणार आहात त्यांना दिवसा भेटा, रजा टाकून भेटा. तो जरा गप्प झाला. ती मात्र पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "सकाळी जागा मिळते का हो?" म्हटलं, इथून सुटणारी पकडलीस तर मिळते. पहिले काही महिने चौथ्या सीटवर काढावे लागतील. आमचा मधला लेडीज डबा, पुलाच्या जिन्यापासून दोन खांब पुढे थांबतो. येणार असशील तेव्हा मला आदल्या रात्री फोन कर, मी डब्यातल्या मैत्रिणींना सांगून ठेवते.